मोहगावच्या वळणावर गेलेले दिवे

सौंसर
८ नोव्हेंबर १९८६

प्रिय छाया,

आम्ही दोघंही धड आहोत, हे आधी लिहिते. तुझ्यापर्यंत बातमी कोणत्या रूपात पोचली असेल, देव जाणे. इथल्या बाजारात मी गाडी नदीत घातली असं बोललं जातंय. नदी नव्हती, नाला होता. गाडी नाल्यात पडली नाही, पुलाच्या कठड्याला आदळली. यशवंतरावांचं डावं मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय. माझ्या कपाळावर टेंगूळ आलंय. एवढंच.

परवा तुझ्याकडून निघताना उशीर झाला, हे खरं. फराळ, मग कॉफी, मग तुझ्या दोन पेट्या. "संत्र्याच्या घरून रिकामी डिकी जाते का वो कधी?" म्हणत तू त्या गड्याकडून ठेववून घेतल्यास आणि मी नेहमीसारखी नको नको म्हणत राहिले. मोहगावच्या अलीकडे दिवस बुडाला. मी दिवे लावले. स्वच्छ उजेड होता, बाभळीची पानंसुद्धा दिसत होती. वळणापाशी रस्ता उखडलाय, तिथे गाडी दोनदा दणकली आणि दोन्ही दिवे एकदम गेले. एक गेला असता तर दुसऱ्यावर निभावलं असतं. मी ब्रेक मारला, पण कठडा तोवर जवळ आला होता.

पुढचं ऐक. मोहगावची माणसं धावत आली तेव्हा दोन्ही दिवे लागलेले होते! लख्ख. एक जण दिव्यासमोर उभा राहून मला म्हणाला, "बाई, लाइट तं चालू हायेत ना तुमचे."

साक्षीला एकटे यशवंतराव. त्यांना विचारलं तर म्हणतात, "उर्मिला, माझ्या मोतीबिंदूला दिवे असले तरी अंधार, नसले तरी अंधार. मी कशाची साक्ष देऊ?"

मुकुंदचा भोपाळहून ट्रंककॉल आला होता. तो म्हणतो, आई, आता गाडी विका आणि दोघंही इकडे या. छाया, तुला माहीत आहे, यशवंतरावांचे गुडघे एसटीची पायरी चढत नाहीत. त्यांचं नागपूरचं डोळ्यांचं दाखवणं, मळा, तुझ्याकडचं येणं, सगळं त्या चिमुकल्या गाडीवर चाललंय. गाडी गेली तर सौंसर गेलं. मला भोपाळच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर म्हातारं व्हायचं नाही.

तुझी गाडी आणि माझी एकाच सकाळी एजन्सीतून बाहेर पडल्या. आपण दोघी नारळ फोडायला उभ्या होतो. म्हणून विचारते, तुमच्या गाडीचे दिवे कधी असे गेलेत का? एका शब्दात कळव.

तुझी
उर्मिला

ता. क. तुझी संत्री शाबूत आहेत. पेट्या पार मागच्या सीटला येऊन धडकल्या, पण एक फळ फुटलं नाही.

—

पांढुर्णा
१६ नोव्हेंबर १९८६

उर्मे,

अगं, तुझं पत्र येईपर्यंत मी रोज दारात पोस्टमनची वाट बघत होते. यशवंतभाऊजींच्या मनगटाला एरंडाचं पान शेकून बांध म्हटलं असतं, पण प्लास्टरवर काय बांधशील. सौंसरच्या एसटीच्या कंडक्टरकडे डिंकाचे लाडू दिले आहेत. डबा मिळाला का ते कळव, मागच्या खेपेस त्यानं वरचे दोन खाल्ले होते.

हे म्हणाले, "उर्मिलाबाईची गोटमारची हौस राहून गेली वाटते. पोळा होऊन दोन महिने झाले अन् बाई आता कठड्यासंगं भिडल्या!" मी चांगलंच झापलं त्यांना. जाम नदीच्या काठी जन्म गेला तरी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची ती दगडफेक बघायला आपण दोघी कधी गेलो नाही, असं मी म्हटलं.

आमच्या गाडीचं काय विचारतेस! ती आमच्यासारखीच झालीये, शेडमध्ये बसून असते. संध्याकाळी हे तिला काढतच नाहीत. जिनिंगवर जायला स्कूटर बरी पडते म्हणतात. कापसाची आवक सुरू झाली आहे, घरात सरकीचं कुटार उडतंय, मला खोकला झालाय.

मुकुंदवर रागावू नकोस. पोरांना काळजी वाटते. भाऊजींना सांभाळ, स्वतःला सांभाळ.

तुझी
छाया

—

भोपाळ
२२ नोव्हेंबर १९८६

तीर्थरूप आईस,
सा. न.

बाबांच्या हाताबद्दल डॉक्टर श्रीवास्तवांशी इथे बोललो. घाबरण्यासारखं नाही.

आई, मी तुला दोष देत नाही. पण तूच विचार कर. दिवे गेले आणि आपोआप आले, असं कुठे होतं का? मी इथल्या तीन मेकॅनिकना विचारलं, तिघंही हसले. वय झालं की समोरचं एकदम दिसेनासं होतं क्षणभर, असं होतं म्हणतात. त्यात लाज कसली? बाबा गाडीत होते. उद्या कोणी सायकलवाला समोर असता तर?

होळीला रजा घेऊन येतो. तोवर गाडीला हात लावू नकोस, एवढं माझं ऐक. एक गिऱ्हाईक पाहून ठेवलं आहे.

तुझा
मुकुंद

—

सौंसर
३० नोव्हेंबर १९८६

प्रिय छाया,

लाडवांचा डबा मिळाला. वरचे दोन या वेळीही नव्हते.

मी एजन्सीला तक्रार लिहिली होती. मंगळवारी त्यांचा इंजिनीअर नागपूरहून आला. कोवळा मुलगा, नवीन बूट, कडक कॉलर. मी आदल्या दिवशी गाडी धुवून पुसून ठेवली होती, डिकीतलं सगळं काढून रबरी चटई झाडून घातली होती. पाहुणा येणार तर घर आवरतोच ना आपण. त्याने अंधार पडेपर्यंत थांबून गाडी मोहगावपर्यंत नेली, आणली. त्याच वळणावर, त्याच खड्ड्यांत आदळली. दिवे हलले नाहीत. मला म्हणाला, "मॅडम, गाडी एकदम फिट आहे. एकदा चष्मा तपासून घ्या." बोलला फार गोड. ते जास्त लागलं.

चष्मा तपासला. नंबर तोच आहे. डॉक्टर म्हणाले, डोळे वयाच्या मानाने उत्तम. "वयाच्या मानाने" हे शब्द मी घरी घेऊन आले.

मुकुंदचं पत्र आलंय. त्यात एक वाक्य आहे, समोर सायकलवाला असता तर? ते मी तीनदा वाचलं. आणि तुझ्या पत्रात तुझ्या गाडीची काही तक्रार नाही. दोघी बहिणी एका दिवशी जन्मलेल्या, एक ठणठणीत आणि दुसरीला झटके, असं होऊ शकतं, पण मग माणूस आपल्याच डोळ्यांकडे संशयाने बघायला लागतो. मी रोज संध्याकाळी अंगणात उभी राहून समोरच्या घराच्या खिडकीचे गज मोजते. सगळे दिसतात. तरी मोजते.

हॉस्टेलची सिस्टर बर्नार्ड आठवते का? तिच्या त्या खटारा व्हॅनमध्ये बसून आपण रामटेकला जायचो. चढावर गाडी बंद पडली की ती झग्याच्या बाह्या वर करून बॉनेट उघडायची आणि आपण बारा पोरी मागून ढकलायचो. तुझी वेणी सायलेन्सरला लागून जळली होती. मी तेव्हाच ठरवलं होतं की मोठी झाले की मी गाडी चालवीन. मोठी व्हायला मला बावन्न वर्षं लागली, आणि चालवली चार.

काल किल्ल्या यशवंतरावांकडे दिल्या. त्यांनी त्या कडीला अडकवून ठेवल्या, देवघराशेजारी.

तुझी
उर्मिला

—

पांढुर्णा
१० डिसेंबर १९८६

उर्मे,

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. पण मी म्हणते, भोपाळ काही वाईट नाही गं. तलाव आहे, थंड हवा आहे, मुकुंदची बायको गुणाची आहे. मी येईन की वर्षातून एकदा, रेल्वेने किंवा कशाने. आपल्या वयाला काय, जिथे लेकरू तिथे आपण.

आम्हीही गाडी काढून टाकतोय. ह्यांनी मोहगावच्या बापूजींशी बोलणं केलंय. संत्र्याचा मोठा बगीचा आहे त्यांचा. त्यांना हौस आहे, आम्हाला नाही. जीप घेऊ म्हणतात हे.

गज मोजणं बंद कर. तुझे डोळे चांगले आहेत. हॉस्टेलमध्ये मेसच्या डाळीतला खडा तूच आधी शोधायचीस.

छाया

—

सौंसर
२१ डिसेंबर १९८६

छाया,

परवा बापूजी माझ्याकडे आले होते. त्यांची धाकटी माझ्या वर्गात होती, म्हणून मला अजून "इंग्रजीच्या बाई" म्हणतात. ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "बाई, तुमच्यापाशी हेच गाडी हाय ना? सांगा मले, घेऊ का नोको? श्रीधरभाऊनं मले फिरवून दाखवली."

मी म्हटलं, माझी तर दिवे जाऊन कठड्याला लागली.

बापूजी हसले. "अवो, त्यांचे बी गेले होते लाइट! माह्या चार पेट्या तिगावच्या टेशनावर पोचवाच्या होत्या, म्हटलं डिकीत टाकू, पाहू किती मावते. रेल्वे फाटकापाशी गेले ना दोन्ही. श्रीधरभाऊ म्हणे, बल्ब ढिला हाय, मांगं बी दोनदा गेला होता. पेट्या उतरवल्या, वापस येताना एकदम झकास!"

दोनदा, छाया. आणि ही तिसरी.

मी तुझी दोन्ही पत्रं काढून पुन्हा वाचली. तू एकही खोटं वाक्य लिहिलेलं नाहीस. तू ते हॉस्टेलमध्येच शिकली होतीस. दिवे मालवल्यावर कोण बोलत होतं असं सिस्टरने विचारलं की तू म्हणायचीस, "सिस्टर, मी तर उशी नीट करत होते." उशी तू नीट करतच असायचीस. पण तेव्हा शिक्षा सगळ्या डॉर्मिटरीला व्हायची, या वेळी एकटीला झाली. मी तुझ्या गप्प बसण्यावर विसंबून माझे डोळे गेले असं मानलं. किल्ल्या काढून दिल्या.

रागाचं पुढे लिहीन. आधी महत्त्वाचं.

बापूजी बोलत होते आणि मी पेट्या पेट्या ऐकत होते. तुझ्याकडून निघाले तेव्हा डिकीत पेट्या होत्या. बापूजींच्या पेट्या होत्या तेव्हा दिवे गेले, उतरवल्या तेव्हा नीट. इंजिनीअर आला तेव्हा मीच डिकी रिकामी करून ठेवली होती! नागपूरला वर्कशॉपला जाताना तरी काय करतो आपण? आधी नणंदेकडे पेटी पोचवायची, चहा घ्यायचा, मग गाडी दाखवायची. वर्कशॉपवाल्यांनी आपली गाडी संत्र्यांसकट कधी पाहिलेलीच नाही. संत्र्याच्या दिवसांत इथून कोणाचीही गाडी रिकामी जात नाही, आणि त्यांच्यापाशी ती रिकामी झाल्याशिवाय पोचत नाही.

बापूजींना थांबवून घेतलं. शेजारून पेटी आणली. गाडी भिंतीकडे तोंड करून उभी केली, दिवे लावले. यशवंतरावांना खुर्ची टाकून भिंतीसमोर बसवलं, रस्त्यावरचं नाही, पण इतक्या जवळच्या भिंतीवर उजेड आहे की अंधार एवढं त्यांना कळतं. बापूजींनी मागच्या बंपरवर पाय देऊन गाडी दणादणा हलवायला सुरुवात केली. यशवंतराव ओरडत होते, "आहे. आहे. आहे अजून. आहे... गेला! उर्मिला, गेला!" एवढा आनंद त्यांना मुकुंद झाला तेव्हाही झाला नव्हता. प्लास्टरचा हात वर करून म्हणाले, "लिही माझी साक्ष. आता देतो."

पेटी उचलली. थोड्या वेळाने दिवे आपले आपण लागले. चटई वर केली तर खाली मागच्या लाल दिव्याची तार, पत्र्याच्या कडेवरून गेलेली. पेटीचा कोपरा बरोबर तिच्यावर बसतो. वरचं आवरण झिजून आतलं तांबं दिसत होतं.

मी आज एजन्सीला अर्ज लिहिला आहे, तो सोबत पाठवते. माझ्या एकटीच्या गाडीचं लिहिलं तर म्हणतील, बाईची गाडी, बाईची तार. मला अर्जात दुसरी गाडीही हवी. तुझी.

आणि ती बापूजींना विकली जायच्या आधी हवी. ते डिकीत पेट्याच भरणार आहेत. त्यांची सून पुढे बसणार आहे, तिला सातवा महिना आहे.

उर्मिला

—

पांढुर्णा
२८ डिसेंबर १९८६

उर्मे,

माफी मागायला बसले की माझ्या हातून लाडूच होतात, म्हणून ती नंतर. काय केलं ते आधी सांगते.

मी ह्यांना भ्याले नव्हते. पांढुर्ण्यात बोलबाला होईल की श्रीधरराव खोटी गाडी खपवतात, मग कापसाच्या काट्यावर कोण भरवसा ठेवेल, याला भ्याले होते. म्हणजे ते जे म्हणायचे तेच मीही म्हणत होते, फक्त मनातल्या मनात. तू डोळ्यांवर संशय घेतलास तेव्हा मी लिहायला घेतलं होतं, आणि लिहिलं काय तर भोपाळचा तलाव. तुझ्या पत्रातली उशी मला रात्रभर टोचली.

बुधवारी संध्याकाळी बापूजी नारळ घेऊन आले, सौदा पक्का करायला. हे खूश. मी चहा दिला आणि गड्याला हाक मारली, "कवडू, डिकीत दोन पेट्या ठेव रे, बापूजींच्या घरच्यांसाठी." ह्यांचं तोंड बघायला हवं होतंस.

"अवं, पेट्या कायले? त्यांचाच बगीचा हाय ना!"

"पहिल्यांदा त्यांच्या घरी गाडी चालली, रिकामी कशी पाठवायची? लोक काय म्हणतील?"

बापूजी माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं. म्हातारा गालातल्या गालात हसत म्हणाला, "वहिनी बरोबर म्हणून राहिल्या, भाऊ. रिवाज हाय आपला."

मग मीच मागच्या सीटवर जाऊन बसले. म्हटलं, चला, सावरगावपर्यंत एक चक्कर मारू. ह्यांना ना बोलता येईना, ना उतरता येईना. जामचा पूल ओलांडला, पलीकडच्या उतारावर गाडी आपटली आणि मिट्ट काळोख. ह्यांनी कशीबशी कडेला घेतली.

मी म्हटलं, "बल्ब ढिला हाय वाटते."

उर्मे, पस्तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. बापूजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला बसले की कवडूला सांगायचे, "तुह्या बाईले सांग, मीठ दे म्हणा." तिसऱ्या दिवशी पेढीवरून आले आणि विचारलं, "कुठं हाय तो उर्मिलाबाईचा अर्ज? करतो सही." मी अर्ज पुढे केला. तेच म्हणाले, "बापूजीनं बाजारात सांगून टाकलं. आता मी सही नाही केली तं लोक काट्यावर चढून पाहतीन."

सही केली तशी आणखी दोघं पेढीवर आले. एक सावरगावचा डॉक्टर, दुसरा तुमच्याच सौंसरचा आडत्या. दोघांचेही दिवे जातात. दोघंही म्हणत होते की आपल्याच गाडीचा बल्ब ढिला आहे आणि गिऱ्हाईक शोधत होते. अर्ज सोबत पाठवते.

बापूजी म्हणतात, गाडी घेईन, पण तार नीट झाल्यावर.

आता माफी. दे किंवा देऊ नकोस, पण संक्रांतीला ये. बसने ये हवं तर, मी मोहगावपर्यंत घ्यायला येते. दिवसा.

छाया

—

नागपूर
१४ जानेवारी १९८७

श्रीमती उर्मिलाबाई यांस,

आपला व इतर तीन ग्राहकांचा संयुक्त अर्ज मिळाला. तपासणीअंती असे दिसते की सदर वाहनांच्या डिकीत फळांच्या लाकडी पेट्या वाहून नेल्या जातात. हा वाहनाचा अयोग्य वापर होय. त्यामुळे झालेल्या बिघाडास एजन्सी अथवा कंपनी जबाबदार नाही.

तथापि, आपण वयस्कर महिला आहात हे लक्षात घेऊन केवळ आपल्या वाहनाची तार विनामूल्य बदलून देण्यात येईल. आपली काही तक्रार उरलेली नाही, अशा अर्थाच्या सोबतच्या कागदावर सही करून पाठवावी.

आपला,
व्यवस्थापक (सेवा विभाग)

—

सौंसर
१७ जानेवारी १९८७

व्यवस्थापक महाशय,

आपला कागद सही न करता परत पाठवीत आहे.

आपल्या जाहिरातीच्या रंगीत पुस्तिकेत डिकी उघडी दाखवली आहे. तिच्यात दोन मोठ्या सुटकेस, एक पाण्याचा जग आणि एक हार्मोनियमची पेटी आहे. हार्मोनियम चालते आणि संत्री चालत नाहीत, हे आपण ग्राहकाला गाडी देतानाच सांगायला हवे होते. मी बत्तीस वर्षे शाळेत शिकवले. प्रश्न चुकीचा निघाला तर गुण मुलांचे कापायचे नसतात.

डिकी सामानासाठी असते. सामान तारेवर बसत असेल तर तार चुकीच्या जागी आहे. आणि मागचा लाल दिवा बिघडला म्हणून पुढचे दोन्ही दिवे का जावेत? आपल्या इंजिनीअरने मला चष्मा तपासायला सांगितले होते, तो तपासला आहे. आता त्यांनी गाडी तपासावी. येताना पेटी आणायची गरज नाही, ती इथे मिळेल.

चारही गाड्यांचे काम एकत्र व्हावे. माझी एकटीची गाडी दुरुस्त करून घेणार नाही. तोपर्यंत मी अंधारात गाडी चालवणार नाही आणि हे कोणी विचारले तर कारणही सांगेन. नागपूरला नवी गाडी बघायला जाणारे पुष्कळ लोक वाटेत सौंसरला चहाला थांबतात. त्यांतले बरेचसे माझे विद्यार्थी आहेत.

आपली,
उर्मिला

—

पांढुर्णा
२२ फेब्रुवारी १९८७

उर्मे,

आले गं आले! तोच कोवळा इंजिनीअर, सोबत दोन मिस्त्री आणि तारांचं भेंडोळं. डॉक्टर, आडत्या, आम्ही, चारी गाड्या जिनिंगच्या आवारात लावल्या. तुझी गाडी यशवंतभाऊजींच्या पुतण्याने दिवसाउजेडी आणली, ते तुला माहीत आहेच. पण तू शेजारी बसून आलीस आणि आल्यापासून माझ्याशी फक्त "पाणी दे" एवढंच बोललीस, म्हणून तू गेल्यानंतरचं लिहिते.

तार आता डिकीच्या वरच्या अंगाने, पत्र्याच्या आतून घेतली आहे. पुढच्या दिव्यांचा कटआउट (तार पत्र्याला टेकली की वीज तोडतो आणि थंड झाल्यावर आपोआप जोडतो तो) वेगळा केला. म्हणजे मागचा गेला तरी पुढचे राहतील. इंजिनीअरने चारीही डिक्या पेट्यांनी भरून गाड्या आवारातल्या खड्ड्यांतून गरगर फिरवल्या, दिवे लागलेले. ह्यांनी त्याला जेवायला बसवलं. जाताना तो मला म्हणाला, "मॅडम, त्या सौंसरच्या मॅडमना सांगा, माझं चुकलं." मी म्हटलं, ते तू स्वतः सांग, वाटेतच आहे सौंसर. आला होता का?

बापूजी गाडी घेऊन गेले. सून पुढे बसली होती.

तुझ्या रागाला मुदत आहे का काही? सांग म्हणजे मी तितके दिवस वाट बघते.

छाया

—

सौंसर
१ मार्च १९८७

चि. मुकुंद,
अनेक आशीर्वाद.

तुझं होळीला यायचं पत्र मिळालं. बाबांचं प्लास्टर निघालं आहे, बोटं थोडी आखडतात, पण सुपारी कातरतात.

गाडीचं सगळं तुला कळलं आहेच. तार का झिजली, दिवे का जायचे, आपोआप का यायचे, हे मी मागच्या पत्रात लिहिलं. तू उत्तरात लिहिलंस, "बरं झालं, पण आता तरी जपून." यात "तरी" का आहे ते मी दोन दिवस शोधत होते. तुला अजून पूर्ण पटलेलं नाही. मी तुझ्या जागी असते तर मलाही पटलं नसतं. ज्याने अपघाताची बातमी टेलिफोनवर ऐकली त्याला तार दाखवून समजत नाही.

तू लिहिलंस की समोर सायकलवाला असता तर. ते वाक्य मी विसरले नाही, विसरणारही नाही. म्हणूनच माझी एकटीची गाडी नीट करून घेतली नाही. त्या गाड्यांपैकी कोणाच्याही समोर तो सायकलवाला येऊ शकला असता.

गिऱ्हाइकाला नको म्हणून कळव. मी विकत नाही.

छायामावशीशी माझं अजून थोडं वाकडं आहे. परवा तिला लिहिलं की मुदत माहीत नाही, पण पुढच्या रविवारी जेवायला येते, पुरणपोळी कर. ती करील आणि काहीतरी बोलून मला हसवील, आणि मी हसले की संपलंच सगळं. तरी जाणार आहे. जन्मभराच्या मैत्रिणीला एवढं जड करून चालत नाही.

आता तुझ्या येण्याचं. नेहमी तू भोपाळहून सकाळी निघून दुपारी पांढुर्ण्याला उतरतोस आणि एसटी धरून उजेडी घरी येतोस. या वेळी तसं करू नकोस. संध्याकाळी पोचणारी गाडी धर. मी स्टेशनवर असेन. बाबा येणार नाहीत, म्हणजे पुढची सीट तुझी.

सूर्य मावळल्यावर निघू. मोहगावचं वळण लागेल तेव्हा झोपेचं सोंग घेऊ नकोस, समोर बघ.

तुझी
आई